बारा नोव्हेंबर ते सहा मे, अतिवृष्टी

गगनबावड्याकडं पाऊस किती पडतो हे मला कुणी शिकवायला नको. त्या पट्ट्यात मी चार कामं पुरी केली आहेत आणि तीन छत्र्या वाऱ्यावर सोडल्या आहेत. पण तिथंही मार्चमध्ये पाऊस पडत नाही. मार्चमध्ये करवंदीच्या जाळ्यांवर लाल धूळ बसते आणि ओढ्यात म्हशीचा खूर बुडेल एवढंही पाणी नसतं. तरीही सरकारी दप्तरात असं नोंदलेलं आहे की आंबेतळीच्या ओढ्यावर बारा नोव्हेंबरपासून सहा मेपर्यंत सतत अतिवृष्टी चालू होती, त्यामुळे पुलाचं काम बंद राहिलं. खाली सही आहे: स्नेहल पिराजी चौगले, शासकीय ठेकेदार.

सही माझीच आहे. त्याबद्दल मला आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझे वडील पिराजी चौगले, आमचे आप्पा, आधी गवंडी होते, मग मुकादम, मग छोटे ठेकेदार. कळंब्याच्या आमच्या घरात वाळू, सळई आणि निविदा हेच विषय ऐकत मी वाढले. सिव्हिल इंजिनिअर झाले, आप्पांचे गुडघे गेले तेव्हा माझ्या नावानं नोंदणी काढली आणि कामं घ्यायला लागले. ठेकेदार बाई म्हटल्यावर लोक आधी माझ्यामागं कोण पुरुष उभा आहे ते बघतात. मागं आप्पा असतात, काठी टेकून, आणि त्यांचं एकच म्हणणं असतं, "सायेब म्हणतील तसं करायचं."

आंबेतळी ही पंचावन्न उंबऱ्यांची वाडी. ओढ्यावर जुना ठेंगणा फरशी-पूल आहे, जून ते सप्टेंबर तो पाण्याखाली असतो. दूध डेअरीला पोचत नाही, पोरं शाळेला जात नाहीत, बाळंतीण अडली तर पाटीत बसवून वरच्या अंगाला दोराच्या आधारानं पलीकडं न्यावी लागते. तिथं पूल करायचं काम मला मिळालं. ऑक्टोबरअखेर पाणी ओसरलं, आम्ही पायाखुदाईला लागलो. माझा गवंडी कृष्णात मलकापूरचा, त्याच्याबरोबर चौदा माणसं, सगळी एकाच भावकीतली. दहा-बारा दिवसांत अलीकडचा पाया जमिनीच्या वर आला.

बारा नोव्हेंबरला वनरक्षक मोटरसायकलवरून आला. पुलापलीकडच्या रस्त्यातली सहा झाडं वनखात्याच्या जमिनीत आहेत आणि खात्याचा ना हरकत दाखला कुणी घेतलेलाच नाही, असं त्यानं सांगितलं. त्याचं बरोबर होतं. दाखला काम देणाऱ्या बांधकाम विभागानं घ्यायचा असतो, तोही मला कार्यारंभ आदेश देण्याआधी. मी शाखा अभियंता नागसेनला फोन लावला. कामावर देखरेख ठेवायची ती त्यानंच. पोरगा हुशार, नोकरीला सहा वर्षं झालेली, पण विभागाच्या मोठ्या साहेबांचं नाव निघालं की आवाज खाली. दहा मिनिटांत त्याचा उलटा फोन आला.

"मॅडम, साहेबांशी बोललो. काम थांबवा म्हणत्यात. आठ दिवसांत दाखला येतोय."

"लेखी?"

"आठ दिवसांचं काय लेखी घेताय, मॅडम?"

करारात स्वच्छ लिहिलेलं आहे की काम थांबवायचं असेल तर अभियंत्यानं लेखी कळवावं. पण आमच्या धंद्यात साहेबांकडं लेखी मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या पाहुण्याकडं आधार कार्ड मागण्यासारखं आहे. कुणी मागत नाही. मीही गप्प बसले. साइटवर सूचना वही होती, तिच्यात नागसेनला दोन ओळी लिहायला लावल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

आठ दिवसांचे सहा महिने झाले. कृष्णातची माणसं चाळीस दिवस तंबूत बसून होती. पत्ते खेळून कंटाळली तेव्हा त्यांनी वाडीच्या शाळेची पडकी भिंत फुकट बांधून दिली. मी दर सोमवारी विभागात जायचे. कार्यकारी अभियंता धैर्यशील साहेब चहा पाजायचे आणि "येतोय, येतोय" म्हणायचे. डिसेंबरच्या शेवटी मी कृष्णातला दुसऱ्या साइटवर पाठवला. दाखला आला सहा मेला. काम पुरं करायची मुदत एकतीस मे.

मुदतवाढीचा अर्ज करायला मी विभागात गेले. तिथला लिपिक यल्लाप्पा, गडहिंग्लजकडचा, मला पहिल्यापासून अक्का म्हणतो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, वनखात्याचा दाखला नसल्यामुळे तोंडी आदेशानुसार काम बंद. यल्लाप्पानं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, हे काय लिवलंय? असं लिवलं तर सायबांवर येतंय की!"

"मग काय लिहू? खरं तेच लिहिलंय."

"खरं कोण मागतंय? अतिवृष्टी लिवा. गगनबावड्याचं काम हाय, कोण इचारतंय? पावसाला काय नोटीस काढता येतीया व्हय? न्हाई कुणाची चूक, न्हाई कुणाचं भांडाण."

मग त्यानं स्वतःच वाक्य सांगितलं, 'सततच्या अतिवृष्टीमुळे सदर कालावधीत काम करणे शक्य झाले नाही', आणि तारखा माझ्या कागदावरून उतरवून घेतल्या. बारा नोव्हेंबर ते सहा मे. मी हसले. म्हटलं, "यल्लाप्पा, उन्हाळ्यात अतिवृष्टी?" तो म्हणाला, "तारखा कोण वाचतंय, अक्का?" मी सही केली. खरंच कुणी वाचल्या नाहीत. आठवडाभरात पुढच्या मेपर्यंत मुदतवाढ मिळाली, खाली धैर्यशील साहेबांची सही.

त्या पावसाळ्यात आंबेतळीचं दूध तेवीस दिवस डेअरीला गेलं नाही. वाडीच्या बायकांनी कॅन आणून अर्धवट पायावर ओतले, त्याचा फोटो पेपरात आला, वरून विचारणा झाली. आम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा काम सुरू केलं होतं, पलीकडचा पाया भरत होतो, तेवढ्यात जानेवारीत मला कारणे दाखवा नोटीस आली.

नोटीस कुणीतरी डोकं लावून लिहिली होती. काम थांबवण्याचा कोणताही आदेश विभागानं दिल्याचं दप्तरात आढळत नाही. ठेकेदारानं अतिवृष्टीचं कारण दिलं आहे. तालुक्याच्या पर्जन्यमापकाची आकडेवारी सोबत जोडली आहे, तिच्यानुसार डिसेंबर ते एप्रिल पाऊस शून्य. सबब ठेकेदारानं खोटं कारण देऊन मुदतवाढ मिळवली, दिरंगाई त्याचीच, आपलं नाव काळ्या यादीत का टाकू नये याचा खुलासा करावा.

मी नोटीस दोनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप भिंतीवर गेला. ज्यांनी मला पाऊस लिहायला लावला, तेच आता पाऊस मोजून दाखवत होते! आणि काळी यादी म्हणजे काही साधी गोष्ट नाही. एकदा नाव चढलं की राज्यात कुठलंच सरकारी काम मिळत नाही. मला दुसरा धंदा येत नाही. कृष्णातच्या चौदा माणसांनाही येत नाही.

धैर्यशील साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. आवाज न चढवणारा माणूस. चहा आलाच.

"घाबरू नका, स्नेहलताई. वरून विचारणा झाली, आम्हाला काहीतरी करावं लागतं. एक सोपा मार्ग आहे." त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'मजुरांच्या कमतरतेमुळे काम वेळेत पूर्ण करू शकले नाही, ही माझी चूक आहे, क्षमा असावी.' "एवढ्यावर सही करा. नाममात्र दंड लावतो, फाइल बंद. काळी यादी वगैरे काही नाही."

"साहेब, मजूर होते. चाळीस दिवस तंबूत बसून होते. तुमच्या फोनमुळं."

"कुठला फोन?" त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की क्षणभर मलाच वाटलं, फोन झालाच नव्हता.

"सही करणार न्हाई," मी म्हटलं. चिडले की माझं पुस्तकी मराठी पळून जातं. "पाऊस लिवला ती माझी चूक. पण कृष्णातची माणसं नव्हती, असं लिवून देणार न्हाई. चहा बी नको."

घरी आल्यावर आप्पा माझ्यावरच उखडले.

"चार अक्षरांची सही हाय, कर की! आम्ही आयुष्यभर काय केलं? सायबाशी वाकडं घिऊन कुठला ठेकेदार जगलाय?"

"तुम्ही जगला ते जगणं होतं व्हय, आप्पा?"

असं बोलायला नको होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत.

खुलाशाला मी मुदत मागून घेतली आणि माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाकले. एक वनखात्याकडं, आंबेतळीच्या दाखल्याच्या फाइलसाठी. दुसरा विभागाकडंच, तीन वर्षांत मंजूर झालेल्या सगळ्या मुदतवाढींच्या प्रतींसाठी. दुसरा अर्ज बघून यल्लाप्पा म्हणाला, "अक्का, माझ्या पोटावर कशाला उठलाय?" मी म्हटलं, "तुझ्या न्हाई. तू फक्त वाक्य सांगत हुतास. ऐकणारं आम्ही."

प्रती मिळाल्या तेव्हा मी अख्खी दुपार हसत होते आणि मधूनच रडत होते. सदतीस अर्ज, बावीस ठेकेदार, आणि वाक्य एकच, शब्दाला शब्द. शिरोळला अतिवृष्टी, कागलला अतिवृष्टी, जानेवारीत अतिवृष्टी. एका विश्रामगृहाच्या आतल्या खोल्या रंगवायचं काम होतं, तेही एप्रिलमध्ये सततच्या अतिवृष्टीमुळे बंद पडलं होतं! छताखाली! सदतीसच्या सदतीस अर्जांवर मंजुरीची सही धैर्यशील साहेबांची.

वनखात्याच्या फाइलमध्ये मात्र सोनं होतं. वीस नोव्हेंबरचं विभागाचं पत्र, धैर्यशील साहेबांच्याच सहीचं: 'आपल्या दाखल्याअभावी आंबेतळी पुलाचे काम दि. १२ पासून बंद ठेवावे लागले आहे, तरी सत्वर दाखला द्यावा.' मला जे कधीच लेखी मिळालं नाही, ते त्यांनी दुसऱ्या खात्याला लिहून दिलं होतं.

मार्चमध्ये अधीक्षक अभियंत्यांपुढं सुनावणी लागली. त्या बाई होत्या, पुण्याहून नव्यानं आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सोबत एक माणूस आणायची मुभा होती. आप्पा म्हणाले, "मी येतो." मला माहीत होतं ते कशाला येत होते. शेवटच्या क्षणी माझ्या वतीनं हात जोडायला.

खोलीत धैर्यशील साहेब होते, नागसेन होता, कोपऱ्यात फायली घेऊन यल्लाप्पा. बाईंनी माझं निवेदन वाचलं, वनखात्याचं पत्र वाचलं, मग सदतीस प्रती चाळल्या. विश्रामगृहाच्या अर्जापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"शाखा अभियंता, बारा नोव्हेंबरला तुम्ही ठेकेदाराला काम थांबवायला सांगितलंत?"

नागसेननं धैर्यशील साहेबांकडं बघितलं. मग जमिनीकडं. "आठवत नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

बाईंनी फायली मिटल्या. "चौगले, काम विभागामुळं थांबलं, हे या पत्रावरून मला दिसतंय. पण तुम्ही निवेदनात लिहिलंय की अतिवृष्टीचं कारण खोटं होतं आणि ते माहीत असून तुम्ही सही केली. हे निवेदन मी दप्तरी घेतलं, तर शासनाला खोटी माहिती दिल्याबद्दल मला तुमच्यावरही कारवाई करावी लागेल. नोंदणी एक वर्ष स्थगित. त्यापेक्षा निवेदन मागं घ्या. विभाग नोटीस मागं घेईल. कुणाचंच काही नोंदवलं जाणार नाही."

धैर्यशील साहेबांनी लगेच मान हलवली. सगळं किती सोपं होतं. मी सुटत होते, साहेब सुटत होते, आणि दप्तरात आंबेतळीवर सहा महिने पाऊस पडतच राहणार होता. पुढच्या उन्हाळ्यात कुणा दुसऱ्याचं काम असंच फोनवर थांबणार होतं आणि यल्लाप्पा त्यालाही तेच वाक्य सांगणार होता.

"मागं घेणार नाही, मॅडम."

"विचार करा. एक वर्ष काम मिळणार नाही."

"केलाय. मी खोटं लिहिलं, त्याची शिक्षा मला द्या. पण ज्यांनी काम थांबवलं त्यांचं नावही लागू दे."

धैर्यशील साहेब आप्पांकडं वळले. "पिराजीराव, तुम्ही जुने माणूस. समजवा की पोरीला."

आप्पा काठीवर भार देऊन उठले. आता हे हात जोडणार आणि सगळं मातीत जाणार, असंच मला वाटलं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "माझ्या हाताखाली साठ-साठ माणूस असायचं. शिट्टी मारली की हजर. एक दिस माणूस कमी पडला न्हाई मला. पर तुमच्या दप्तरात बघा. नकाशा येळंवर आला न्हाई, लिवलं मजूर न्हाईत. जागा मिळाली न्हाई, लिवलं मजूर न्हाईत. सायेब म्हणालं तसं मी लिवत गेलो. कागदावर मी चाळीस वर्सं माणूस न मिळणारा मुकादम हाय." त्यांनी यल्लाप्पाच्या हातातल्या फायलींकडं काठी दाखवली. "माझी माणसं मेली बी त्यातली बरीच. ती कामाला आलीच न्हाईत, असं माझ्या सहीनं लिवलंय. पोरगी काय म्हणतीया ते लिवून घ्या. एक वर्स न्हाई, धा वर्सं बंद करा."

ते खाली बसले. मी त्यांचा हात धरला. बाईंनी माझ्या निवेदनावर स्वतःच्या हातानं 'दप्तरी दाखल' असं लिहिलं आणि तारीख घातली.

आदेश आठ दिवसांत आला. सहा महिन्यांच्या दिरंगाईची जबाबदारी विभागावर, धैर्यशील साहेबांकडून खुलासा मागवलेला. चालू काम पुरं करायला मला परवानगी. आणि खोटी माहिती दिल्याबद्दल माझी नोंदणी एक वर्ष स्थगित. शेवटची ओळ वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन निविदा भरायच्या होत्या, त्यातली एक तर कळंब्यातलीच होती, घरापासून हाकेच्या अंतरावर. धीट दिसणं वेगळं आणि वर्षभर घरी बसणं वेगळं. पण अतिवृष्टीखाली सही केल्याचा पश्चात्ताप मला झाला होता, निवेदन मागं न घेतल्याचा झाला नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आंबेतळीच्या पुलाचा स्लॅब घातला. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. कृष्णातची माणसं, वर वाडीतली वीसेक, बायका घमेली हातोहात पुढं देत होत्या. आप्पा करंजाच्या सावलीत खुर्ची टाकून सगळ्यांना उगाच ओरडत होते. नागसेन देखरेखीला आला होता. सुनावणीनंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि त्याचं अवघडलेपण कमी करायला मीही मदत करत नव्हते.

अर्धा स्लॅब झाला असेल, तेव्हा त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. फोन छातीशी धरून तो माझ्याकडं आला.

"मॅडम, साहेब हायत. उद्या वरनं पाहणी हाय म्हणं. तंवर स्लॅब थांबवा म्हणत्यात."

स्लॅब निम्म्यात थांबवत नाहीत. जुनं काँक्रीट आणि नवं काँक्रीट नीट जुळत नाही, तिथं कायमचा सांधा राहतो, पुढं पाणी त्यातूनच आत शिरतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि फोनवरच्या माणसालाही माहीत होतं. कृष्णात घमेलं हातात घेऊन माझ्याकडं बघत उभा राहिला. मिक्सर फिरत होता.

मी सूचना वही उचलली, कोरं पान उघडलं, पेन मध्ये ठेवलं आणि ती नागसेनपुढं धरली.

त्यानं वहीकडं बघितलं. मग अर्ध्या स्लॅबकडं, मग वाडीच्या बायकांकडं. कान पुन्हा लाल झाले. त्यानं फोन कानाला लावला.

"साहेब, लेखी पाठवा. लेखी आल्याबिगर मी काम थांबवणार न्हाई." पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. "व्हय साहेब, मीच बोलतोय. नागसेन. बारा नोव्हेंबरचं बी आठवलंय मला. ते बी लिवून देतो."

फोन त्यानं खिशात टाकला. हात त्यानं पँटला पुसले, आणि मिक्सरपाशी जाऊन आताच्या मालात पाणी जास्त पडलंय म्हणून कृष्णातवर ओरडला.